निवड-परीक्षेची मराठी : पलूस परिसरातील बालविद्यार्थ्यांच्या परीक्षा-तयारीचा पूर्वेतिहास

सांगली जिल्ह्यात पाचवीच्या एखाद्या मुलाविषयी ‘तो नवोदयला लागला’ असे कोणी म्हणाले, की ऐकणारास अधिक खुलासा लागत नाही. जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय पलूस येथे आहे. तेथे दरवर्षी सहावीच्या वर्गात फार तर ८० मुले घेतली जातात, आणि ती जिल्ह्याच्या दहा तालुक्यांतून एका परीक्षेने निवडली जातात. शिराळ्याच्या डोंगरातले मूल असो किंवा जतच्या पूर्वेस घरी कानडी बोलणारे मूल असो, पलूसची वाट दोन तासांच्या त्या परीक्षेतूनच जाते. ही परीक्षा एकदाच देता येते. नापास होऊन पुढील वर्षी पुन्हा बसण्याची सोय तीत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या घरी तिला जे महत्त्व येते, त्याचे कारण एवढ्यावरून ध्यानात यावे.

या परीक्षेच्या तयारीसंबंधी जी चर्चा आपल्याकडे होते, तीत साधारणतः दोन पक्ष दिसतात. तयारीपायी मुलांचे खेळण्याचे वय करपून जाते, असे एक पक्ष म्हणतो. तयारी करून घेतल्यावाचून खेड्यातील मुलाचा निभाव लागणार नाही, असे दुसरा म्हणतो. दोहोंतही तथ्य आहे. तथापि दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासता गृहीत धरतात, ती ही की, तयारी नेमकी कशाची होते हे सर्वांना ठाऊक आहे. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाविज्ञानाचा असल्यामुळे त्यास शंका आली ती याच ठिकाणी. मार्गदर्शक पुस्तके, सराव-प्रश्नपत्रिका आणि शिक्षकांच्या वह्या चाळू लागल्यावर असे दिसून आले की, मुलांना या काळात जे शिकविले जाते ते पुष्कळ अंशी गणित नव्हे, आणि ज्या गुणाला आपण बुद्धी म्हणतो तोही नव्हे. त्यांना एक भाषा शिकविली जाते. ती मराठीच आहे. परंतु कोणाच्याही घरची ती मराठी नव्हे. ही भाषा या भागातील शाळांत कोणत्या मार्गाने आली, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ थोडा मागून केला पाहिजे. पलूस तालुका स्वतंत्र होण्यापूर्वी हे गाव तासगाव तालुक्यात मोडत असे. तासगाव हा इंग्रजी अमदानीतील सातारा जिल्ह्याचा तालुका. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्यास सांगली हे नाव मिळाले. पलूसच्या शेजारी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या माळावर आपला कारखाना व वसाहत उभी केली, तो माळ औंध संस्थानातला. एका हाकेच्या अंतरावर दोन राज्यव्यवस्था नांदत होत्या. तरी मुलाच्या शिक्षणाचा शेवट मात्र दोन्हीकडे एकाच शब्दाने सांगितला जाई : ‘फायनल’.

व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची सार्वजनिक परीक्षा. ती उतरलेला मुलगा प्राथमिक शिक्षक होऊ शके, तलाठी होऊ शके, कचेरीत कारकुनी करू शके. ‘फायनल पास’ ही दोन पदे जुन्या कागदपत्रांत नावापुढे पदवीसारखी येतात ती यामुळे. या परीक्षेचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ती शाळेतून बाहेर पडण्याच्या दारावर उभी होती, आत येण्याच्या दारावर नव्हे. जे शिकविले ते आले की नाही, एवढेच ती विचारी. तिची तयारीही तशीच उघड असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मोठ्याने म्हणून घेतली जात. शुद्धलेखन घातले जाई. मोडी व बाळबोध ही दोन्ही वळणे गिरवावी लागत. पत्र व निबंध लिहावा लागे. या परीक्षेची मराठी पुण्याकडची, ग्रंथांतली. कृष्णाकाठच्या कुळवाड्याच्या मुलाला ती परकीच होती, यात संशय नाही. परंतु ती परकी आहे, हे त्यास कोणी लपवून ठेवीत नसे. ‘न्हाय’ नव्हे ‘नाही’, ‘लई’ नव्हे ‘फार’, असे गुरुजी रोज सांगत. मुलगा चुकला तर भाषेत चुकला असे म्हणत. तो बुद्धीने कमी आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढण्याचे शास्त्र तेव्हा शाळेत पोहोचलेले नव्हते.

याच काळात दक्षिण महाराष्ट्रात शिक्षणविषयक जो मोठा प्रयत्न चालू होता, त्याची दिशा निवडीची नसून समावेशाची होती. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या उद्योगाचा आरंभ तर आजच्या सांगली जिल्ह्यातीलच दुधगाव येथील विद्यार्थी आश्रमापासून होतो. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. भाऊराव स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. साताऱ्यास असताना काही काळ त्यांनी मुलांच्या खासगी शिकवण्या केल्या व ते ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले जात. नंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचा प्रसार करीत ते खेडोपाडी फिरले. शिकवणीचा धंदा आणि नांगराची फिरती हे दोन्ही अनुभव गाठीस असलेल्या या गृहस्थाने वसतिगृह काढले, तेव्हा त्यात मूल घेण्याची त्यांची कसोटी ‘कोण अधिक हुशार’ ही नव्हती. कोणाला शिकण्याची सोय नाही, ही होती. आजच्या निवड-परीक्षांच्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट सहसा कोणी आठवीत नाही.

मुलांची पारख करून थोड्यांना वेचून काढण्याची कल्पना अर्थात तेव्हाही होती. ‘मिडल स्कूल स्कॉलरशिप’ व ‘हायस्कूल स्कॉलरशिप’ ही नावे मागच्या पिढीतील माणसांच्या आठवणींतून भेटतात. सध्याच्या शासकीय शिष्यवृत्ती परीक्षेची परंपरा मात्र मुंबई राज्यातील १९५४-५५ या वर्षापासून मोजली जाते. चौथीच्या व सातवीच्या मुलांसाठी ती होती, आणि पुढे तिच्यात भाषा व गणित यांच्या जोडीस एक तिसरा विषय आला : ‘बुद्धिमत्ता चाचणी’. या दोन शब्दांचा इतिहास थोडा सविस्तर पाहणे अवश्य आहे, कारण आपल्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

आल्फ्रेद बिने व थिओदोर सिमों यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये आपली चाचणी तयार केली, ती हुशार मुले वेचण्यासाठी नव्हे. शाळेत मागे पडणारी आणि विशेष साहाय्याची गरज असलेली मुले ओळखता यावीत, हा तिचा हेतू होता. हे साधन अमेरिकेत व इंग्लंडात गेले तेव्हा त्याचे तोंड फिरले. इंग्लंडात १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची परीक्षा घेऊन काहींना ग्रामर स्कूलमध्ये व बाकीच्यांना इतरत्र पाठविण्याची पद्धत रूढ झाली, आणि त्या परीक्षेत बुद्धिमापनाला मानाचे स्थान मिळाले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या पद्धतीची चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी बसविली व त्यासंबंधीचा त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. चाचणीचे भाषांतर करताना एका भाषेतील सोपा प्रश्न दुसऱ्या भाषेत अवघड होतो व अवघड प्रश्न फुकट सुटतो, ही अडचण अशा प्रत्येक प्रयत्नाला आलेली आहे. तिच्यावर तोडगा म्हणून शब्दांनाच फाटा द्यावा, असा विचार पुढे आला. जॉन रेव्हन यांच्या १९३८ च्या आकृतिबंधांच्या चाचणीत केवळ आकृत्या आहेत. जेथे शब्दच नाहीत तेथे घर, जात, प्रांत, शाळा यांचा प्रभाव पडणार नाही, अशी त्यामागची श्रद्धा.

ही श्रद्धा प्रामाणिक होती. परंतु ती टिकली नाही. इंग्लंडातच १९५० नंतरच्या काही वर्षांत फिलिप व्हर्नन व इतरांनी असे दाखविले की, थोड्याशा सरावाने व शिकवणीने मुलांचे बुद्धिमापनाचे गुण वाढतात. पुढे जेम्स फ्लिन यांनी १९८७ साली चौदा राष्ट्रांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा पिढीगणिक होणारी गुणांची वाढ सर्वांत ठळक आढळली ती रेव्हनसारख्या आकृतींच्या चाचण्यांत. म्हणजे जेथे संस्काराचा स्पर्श नाही असे मानले होते, नेमक्या तेथेच. बिनशब्दांची चाचणी ही बिनभाषेची चाचणी नव्हे, असे भाषाविज्ञानाचा विद्यार्थी यावर म्हणेल. आकृतीकडे पाहण्याचीही एक रीत असते आणि ती सांगून शिकवावी लागते.

या वैचारिक भांडवलावर आपल्याकडील निवड-परीक्षा उभ्या आहेत. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यास देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली आणि या भागातील शेतकऱ्यांच्या व जवानांच्या घरांत ‘सैनिक स्कूलची परीक्षा’ हा शब्दप्रयोग आला. त्यानंतर पाव शतकाने, १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या सुमारास, नवोदय विद्यालयांची योजना निघाली. १९८५-८६ साली प्रयोगादाखल जी पहिली दोन विद्यालये उघडली गेली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे आपल्या अमरावतीस होते. खेड्यातील गुणी मुलांस, त्यांच्या घरच्या परिस्थितीचा विचार न करता, उत्तम निवासी शिक्षण मिळावे, हा या योजनेचा उद्देश. तो स्तुत्य होता यात वाद नाही. कमीत कमी ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, एक तृतीयांश मुलींसाठी, अनुसूचित जातिजमातींसाठी राखीव जागा, अशी तिची मांडणी आहे. पलूसच्या विद्यालयातून आजवर जी मुले बाहेर पडली, त्यांतील कित्येकांच्या घरी त्यापूर्वी कोणी महाविद्यालय पाहिलेले नव्हते. त्यांच्यापुढे या योजनेची टवाळी करण्याचा अधिकार कोणासही नाही.

प्रश्न आहे तो निवडीच्या साधनाचा. नवोदयच्या परीक्षेत आज ८० प्रश्न व १०० गुण असतात. त्यांपैकी ४० प्रश्न व ५० गुण मानसिक क्षमतेला, म्हणजे केवळ आकृत्यांना आहेत, अंकगणितास २० प्रश्न व २५ गुण, भाषेस तितकेच. आकृत्यांत वेगळी आकृती ओळखणे, जुळणारी आकृती शोधणे, मालिका पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, कागदाची घडी घालून पाडलेली भोके, दडलेली आकृती असे दहा प्रकार ठरलेले आहेत. भाषेच्या भागात उतारे असतात व त्यांखाली पर्याय. एकही वाक्य लिहावे लागत नाही. सर्व उत्तरे गोल काळे करून द्यावयाची. खेड्यातील मुलाची भाषा ‘अशुद्ध’ असली तरी त्याचे नुकसान होऊ नये, म्हणून लेखन वगळले व आकृत्यांना निम्मे गुण दिले, असा या रचनेचा न्याय दिसतो. हेतू चांगला. परंतु ठरलेले दहा प्रकार म्हणजे शिकविता येणारे दहा धडे, हे ओळखण्यास शिक्षकांस व प्रकाशकांस फार काळ लागला नाही.

आता त्या धड्यांत काय शिकवितात ते पाहू. पलूस तालुक्यातील एका खेड्यातील शाळेत जादा तास चालू असताना प्रस्तुत लेखकास मागच्या बाकावर बसण्याची परवानगी मिळाली होती. जादा तास म्हणजे शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यावर, आणि दिवाळीच्या सुटीतही, शिक्षक घेतात ते तास. नवोदयच्या जोडीने शिष्यवृत्तीचीही तयारी चालली होती, व शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत नातेसंबंधांवर प्रश्न असतात. फळ्यावर प्रश्न होता : पतीची आई ही पत्नीची कोण? पर्याय चार : नणंद, आत्या, सासू, जाऊ. एका चुणचुणीत मुलीने क्षणाचाही विलंब न लावता ‘आत्या’ म्हणून सांगितले. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, “घरात आत्याबाई, पेपरात सासू. लिहून घे.”

मुलीचे उत्तर चूक नव्हते. तिची आई तिच्या आजीला रोज ‘आत्याबाई’ म्हणूनच हाक मारते, आजोबांना ‘मामंजी’ म्हणते. या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. ज्या घरात सून ही सासूच्या भावाची मुलगी असते, तेथे सासू ही खरोखरीच आत्या असते, आणि जेथे ती नसते तेथेही संबोधन तेच राहते. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंधांची जी मांडणी केली, तीत महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्या सांध्यावर ठेवले आहे, ते अशाच पुराव्यावरून. म्हणजे ज्या ज्ञानावर एका थोर समाजशास्त्रज्ञाने सिद्धान्त उभारला, ते ज्ञान या मुलीपाशी होते. तिला गुण मिळाला नाही एवढेच. या जातीचे प्रश्न मुळात इंग्रजीत रचले गेले असावेत, असेही त्यांच्या बांधणीवरून वाटते. इंग्रजीत काकू, मामी, आत्या व मावशी या चौघींना एकच शब्द पुरतो व म्हणून तेथे कोडे तयार होते. मराठीत तो शब्द उच्चारताच कोडे सुटते. मग प्रश्न रचणाऱ्याला अवघडपणा दुसरीकडून, म्हणजे वाक्य लांबवून, आणावा लागतो.

सूचनांची भाषा पाहिली तर हाच प्रकार अधिक स्पष्ट दिसतो. ‘विसंगत पद’, ‘समसंबंध’, ‘वर्गीकरण’, ‘लगतची संख्या’, ‘क्रमाने येणारा पर्याय’ ही या परीक्षांची नित्याची पदावली. कृष्णाकाठच्या घरात विसंगत म्हणजे ‘वायलं’. वेगळा संसार थाटलेला भाऊ ‘वायला’ राहतो. ‘ह्यातलं वायलं कंचं?’ असे विचारले तर सहा वर्षांचे मूलही बरोबर बोट ठेवते. ‘विसंगत घटक ओळखा’ असे छापले की दहा वर्षांचे मूल आधी गुरुजींच्या तोंडाकडे पाहते. ‘रमेश सुरेशपेक्षा उंच आहे’ या वाक्यातील ‘पेक्षा’ घरी ‘परास’ असतो. पूर्व-पश्चिम या दिशा घरी ‘उगवत’ व ‘मावळत’ असतात, आणि शेतात वाढलेल्या मुलाला त्या कागदावरच्या बाणापेक्षा कितीतरी पक्क्या ठाऊक असतात. पण परीक्षेतील माणूस पाच मीटर पूर्वेस जाऊन उजवीकडे वळतो, तो कोणत्या गावात वळतो हे कळत नाही, म्हणून ते थबकते. ‘परवा’ हा शब्द तर मराठीत मागच्याही व पुढच्याही दिवसाला लागतो. वारांच्या प्रश्नात तो आला की मूल संदर्भ शोधते, जे भाषेच्या दृष्टीने अगदी रास्त आहे, आणि वेळ घालविते.

हे सर्व शब्द शिकविता येतात. जादा तासांत शिकविले जातात तेच. शिक्षकांच्या वह्यांत प्रत्येक प्रश्नप्रकारापुढे ‘म्हणजे काय’ अशी एक ओळ सापडते, आणि ती पुष्कळदा बोलीत असते. ‘आरशातील प्रतिमा म्हणजे डाव्या अंगाचं उजव्या अंगाला’, अशा धर्तीची. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे एका प्रयुक्तीचे अध्यापन आहे. बेसिल बर्नस्टाइन यांनी शाळेची भाषा व कामकरी घराची भाषा यांतील अंतराकडे लक्ष वेधले. विल्यम लॅबोव्ह यांनी १९६९ साली त्यावर असे प्रत्युत्तर दिले की, घरच्या बोलीत तर्काची उणीव नसते, परीक्षकाच्या कानात असते. आमच्या मते पलूसच्या जादा तासांत दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे ठरते. मुलीच्या तर्कात काहीच उणे नव्हते, आणि तरीही ‘पेपरात सासू’ हे तिला कोणीतरी सांगणे भागच होते.

तेव्हा तयारी ही निवळ घोकंपट्टी आहे, असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. परीक्षेने जी भाषा न सांगता गृहीत धरली, ती उघड करून सांगण्याचे काम जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक करीत आले आहेत, आणि बहुधा विनामूल्य. फायनलची परीक्षा आपली भाषिक मागणी अभ्यासक्रमात छापीत असे. नवी परीक्षा ती मागणी बुद्धी या नावाखाली करते व मूल चुकले की बुद्धीने चुकले असे ठरविते. जादा तास हे या दोहोंतील अंतर भरून काढण्याचे साधन झाले. ज्या गावात असा शिक्षक नाही, त्या गावातील मुलाचे काय, हा प्रश्न उरतोच. आणि जेथे तो नाही तेथे पैसे भरून लावलेला खासगी वर्ग आहे. खेड्यातील गरीब मुलास घरच्या परिस्थितीच्या तडाख्यातून वाचविण्यासाठी काढलेल्या परीक्षेत, ती परिस्थिती पुन्हा मागच्या दाराने आत येते ती अशी.

गेल्या दशकात या कामाचा भार अधिक वाढला. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीस नेण्यात आली. त्यामुळे नवोदय, सैनिक शाळा व शिष्यवृत्ती या तिन्ही परीक्षा एकाच पाचवीत आल्या, आणि तिन्हींची तयारी एकाच वहीत होऊ लागली. २०२५ मध्ये शासनाने शिष्यवृत्ती पुन्हा चौथी-सातवीस नेण्याचा निर्णय केला. म्हणजे वही आता आणखी एक वर्ष आधी उघडावी लागेल. पाचवीच्या शिष्यवृत्तीची कमाल रक्कम २०२३ पर्यंत वर्षाला १००० रुपये होती. एवढ्यासाठी कोणी पहाटे मूल उठवीत नाही. उठवितात ते गुणवत्ता यादीसाठी, चौकातील फलकावर छापल्या जाणाऱ्या छायाचित्रासाठी, आणि अमुक शाळेची इतकी मुले आली या हिशेबासाठी; कारण पटसंख्या घटत असलेल्या मराठी शाळेला आपले अस्तित्व टिकविण्यास हा हिशेबही उपयोगी पडतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली, पण नवोदय विद्यालये विशिष्ट प्रवर्गात धरली गेल्याने त्यांची निवड-परीक्षा चालू राहिली. वादाचा तो भाग कायदेपंडितांचा आहे, म्हणून येथे सोडून देतो.

लेखन गेले, त्याचा मात्र विचार केला पाहिजे. फायनलला बसणाऱ्या मुलास पत्र लिहिता यावे लागे. आजचा उत्तम तयारीचा मुलगा उतारा वाचून ‘योग्य शीर्षक’ अचूक निवडतो. शीर्षक स्वतः देण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. अशी निवड करण्यात काही युक्त्या असतात व त्या शिकविल्या जातात : फार लांब पर्याय सोडावा, ‘सर्व’, ‘कधीच’ असे शब्द असलेल्या पर्यायाविषयी सावध राहावे, आधी प्रश्न वाचावेत आणि मग उतारा. लेखकाने एका मुलास विचारले, की उतारा कशाविषयी होता? त्याने पाचही उत्तरे बरोबर दिली होती. तो म्हणाला, “उतारा न्हाय वाचला, सर. प्रश्न वाचले.”

आणि निवड झाल्यावर काय होते? पलूसला लागलेले मूल आरंभी मराठीत शिकते. पुढे आठवी-नववीच्या सुमारास गणित व विज्ञान इंग्रजीत, समाजशास्त्रे हिंदीत, अशी नवोदयांची पद्धत आहे. नववीत काही मुले वर्षभरासाठी हिंदी प्रदेशातील विद्यालयात जातात व तिकडची मुले इकडे येतात. राष्ट्रीय ऐक्याच्या दृष्टीने ही योजना मोलाची असून तिच्यातून बहुभाषिक तरुण तयार होतात, हे आम्ही आनंदाने मान्य करू. परंतु परीक्षेची जी मराठी त्या मुलाने दोन वर्षे राबून कमावली, तिचा उपयोग दारातून आत जाण्यापुरताच झाला. घरची बोली त्याने आधीच बाजूस ठेवली होती. ही दुसरी मराठीही आता बाजूस पडते. ती जिच्यात रुजावी अशी तिसरी मराठी, म्हणजे विषय मांडण्याची, पत्र लिहिण्याची, वाद घालण्याची मराठी, त्याला कोणत्याच परीक्षेने मागितलेली नसते. दारातून आत न गेलेली जी शेकडो मुले आपल्या गावच्या शाळेतच राहतात, त्यांची स्थिती आणखी विचित्र आहे. त्यांनी ती भाषा तितक्याच कष्टाने शिकलेली असते. सहावीच्या वर्गात तिचे काय करावयाचे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

या विषयाचा इतिहास लिहावयाचा तर साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. जुनी मार्गदर्शके, सायक्लोस्टाइल केलेल्या सराव-प्रश्नपत्रिका, शिक्षकांच्या हस्तलिखित वह्या या शाळांच्या कपाटांतून दर उन्हाळ्यात रद्दीत जातात. छापील पाठ्यपुस्तके ग्रंथालयांत मिळतात. ही मिळत नाहीत, कारण त्यांना कोणी पुस्तके मानले नाही. पलूस, तासगाव, वाळवा व खानापूर या चार तालुक्यांतून जरी १९७० नंतरची अशी सामग्री गोळा झाली, तरी ‘वायलं’ केव्हा ‘विसंगत’ झाले, नात्यांचे प्रश्न प्रथम कोणत्या वर्षी आले आणि शिक्षकांनी बोलीतील खुलासे कोणते लिहिले, याचा कोश तयार करता येईल. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी या तालुक्यांतून आलेल्यांनी दिवाळीच्या सुटीत आपल्या जुन्या शाळेच्या कपाटाची चौकशी करावी. निवृत्त शिक्षकांच्या घरी वह्या असण्याचा संभव अधिक आहे. त्या मागताना मूळ वही न घेता प्रत करून घ्यावी, आणि मुलांची नावे व गुण असलेली पाने वगळावीत.